सरकलेलं स्तन-इम्प्लांट: टाके, जाळी, नवा कप्पा, की काढूनच टाकायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३६, दोन बाळंतपणं झालेली. पाच वर्षांपूर्वी छातीच्या स्नायूखाली ३७५ सीसीची गोल, गुळगुळीत सिलिकॉन इम्प्लांट्स बसवली. गेल्या दोन वर्षांत उजवं खाली उतरलंय, त्या बाजूचं स्तनाग्र ब्राच्या वरच्या कडेशी येतं आणि उताणं झोपलं की दोन्ही काखेकडे घसरतात. एक सर्जन म्हणतात आतून टाके घालू. दुसरे म्हणतात लहान इम्प्लांट आणि जाळी. तिसरे म्हणतात काढून टाका. यातलं बरोबर कोणतं?

तिन्ही बरोबर असू शकतात. कोणतं लागू पडतं हे इम्प्लांट किती सरकलं यापेक्षा ते का सरकलं यावर ठरतं. कारण तसंच ठेवून फक्त जागा दुरुस्त केली, तर तेच वजन त्याच पातळ झालेल्या ऊतींवर परत येतं आणि वर्षा-दोन वर्षांत दुसऱ्या दुरुस्तीची वेळ येते. आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर हाताशी उरणारी ऊती आधीपेक्षा कमी आणि जास्त व्रणांची असते. म्हणून पहिली दुरुस्ती नीट विचार करून व्हायला हवी.

इम्प्लांट जागेवर राहतं कशाने

शरीर इम्प्लांटभोवती काही आठवड्यांत तंतुमय आवरण तयार करतं. त्यालाच कॅप्सूल म्हणतात. गुळगुळीत इम्प्लांट या कॅप्सूलला चिकटत नाही, आतल्या कप्प्यात मोकळं असतं. त्यामुळे कप्पा जसा, तशी इम्प्लांटची जागा. कप्प्याला खाली स्तनाखालच्या घडीचा आधार असतो, आतल्या बाजूला पेक्टोरॅलिस मेजर हा छातीचा मोठा स्नायू छातीच्या मधल्या हाडाला चिकटतो ती कड असते आणि बाहेर काखेच्या बाजूचा तंतुमय पडदा असतो. यातली जी कड ढिली पडते त्या दिशेला इम्प्लांट जातं.

‘स्नायूखाली बसवलंय, म्हणजे स्नायूने पेललंय’ हा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. आजच्या बहुतेक शस्त्रक्रियांत स्नायूची बरगड्यांवरची खालची पकड मुद्दाम सोडवलेली असते. इम्प्लांटचा वरचा भाग स्नायूखाली असतो, पण खालच्या भागावर ग्रंथी, चरबी आणि त्वचा एवढंच पांघरूण असतं. वजन तेच पेलतात. उलट स्नायू आवळला की तो इम्प्लांटला खाली आणि बाहेर ढकलतो. नियमित पुशअप्स, बेंचप्रेस करणाऱ्या बायकांमध्ये इम्प्लांट काखेकडे जाण्याचं हे एक मोठं कारण आहे.

बाकीची कारणं साधारण तीच ती असतात. स्तनाच्या पायाच्या रुंदीपेक्षा मोठं इम्प्लांट. पहिल्या शस्त्रक्रियेत बाहेरची बाजू किंवा घडी गरजेपेक्षा जास्त सोडवलेली. बाळंतपण, स्तनपान किंवा मोठी वजनघट यांनी ताणली गेलेली त्वचा. आणि छातीच्या पिंजऱ्याचा आकार. ज्यांच्या बरगड्या बाहेरच्या बाजूला जास्त उतरत्या असतात, त्यांची इम्प्लांट्स उताणं झोपल्यावर बाजूला जाणारच. थोडं बाजूला जाणं तर गुळगुळीत इम्प्लांटचं नैसर्गिक वागणं आहे, खरा स्तनही आडवं झाल्यावर पसरतोच. हाताला घासायला लागलं, काखेत टोचायला लागलं किंवा मधली दरी खूप रुंद दिसायला लागली, तर तो दोष समजायचा.

तपासणीत काय मोजायचं

उभं राहून, हात वर करून, कमरेवर हात दाबून स्नायू आवळून आणि उताणं झोपवून अशा चारही स्थितींत पाहिल्याशिवाय शस्त्रक्रिया ठरवू नये. बसल्या जागी एक नजर टाकून ‘टाके घालू’ म्हटलं गेलं असेल, तर तपासणी अपुरी झाली आहे.

सर्वांत महत्त्वाचं माप म्हणजे त्वचा ताणून धरून स्तनाग्रापासून खालच्या घडीपर्यंतचं अंतर. ३०० सीसीच्या आसपासच्या इम्प्लांटला ते ८ सेंटिमीटरच्या जवळ असावं, ४०० सीसीला ९ ते ९.५. तुमच्या ३७५ सीसीला ९ सेंमी ठीक आहे. ते ११-१२ भरलं तर इम्प्लांट नक्की खाली उतरलं आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे जुना व्रण. चीर घडीत दिलेली असेल, तर आज तो व्रण कुठे आहे ते आरशात पाहा. व्रण घडीतून वर चढून स्तनाच्या खालच्या गोलाईवर आला असेल, तर घडीच खाली सरकली आहे, म्हणजे पोटाच्या बाजूची त्वचा स्तनात ओढली गेली आहे. व्रण अजून घडीतच आहे, पण घडी ते स्तनाग्र हे अंतर वाढलंय, तर घडी शाबूत आहे आणि मधली त्वचा ताणली गेली आहे. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, उपाय मात्र वेगळे. पहिल्यात घडी वर नेऊन पक्की करायची. दुसऱ्यात घडी हलवली तर आकार आणखी बिघडतो. तिथे वजन कमी करणं, आतून आधार देणं किंवा वाढलेली त्वचा काढणं हेच मार्ग. हा फरक न पाहता घातलेले टाके निरुपयोगी ठरतात.

तिसरं माप स्तनाच्या पायाची रुंदी आणि इम्प्लांटचा व्यास यांचं. मध्यम उंचीच्या ३७५ सीसीच्या इम्प्लांटचा व्यास सुमारे १३ सेंमी असतो, कंपनीनुसार थोडा कमी-जास्त. तुमच्या स्तनाचा पाया १२ सेंमी असेल, तर उरलेला एक सेंटिमीटर कुठेतरी बाहेर जाणारच, आणि तो बहुधा काखेकडे जातो. चौथं, चिमटीत येणारी जाडी. वरच्या भागात ती २ सेंमीपेक्षा कमी असेल तर इम्प्लांट स्नायूवर आणायचा विचार सोडावा. खालच्या भागात जेमतेम अर्धा सेंमी असेल तर नुसत्या टाक्यांवर भिस्त ठेवू नये.

पहिल्या शस्त्रक्रियेचं इम्प्लांट कार्ड किंवा डिस्चार्ज कार्ड शोधून ठेवा. कंपनी, आकार, पृष्ठभाग आणि बॅच क्रमांक त्यावर असतो. इम्प्लांट फुटलंय का हे हाताने कळत नाही. अमेरिकेच्या एफडीएच्या (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०२० मधल्या शिफारशीनुसार सिलिकॉन इम्प्लांटची पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय ५-६ वर्षांनी आणि नंतर दर २-३ वर्षांनी करावी. तुमची ती वेळ आलीच आहे, तेव्हा शस्त्रक्रियेआधी करून घ्या. फुटलेलं निघालं तर बेतच बदलतो.

टाके घालून कप्पा लहान करणं

याला कॅप्सुलोऱ्हाफी म्हणतात. शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन, शक्यतो जुन्याच व्रणातून. आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी रुग्ण उभी असताना नवी घडी आणि बाहेरची नवी कड त्वचेवर आखतात. आडवं झाल्यावर या खुणा फसवतात, म्हणून हे आधीच करायचं.

इम्प्लांट बाहेर काढून तपासलं की रिकाम्या कप्प्यात उजेड टाकून तो कुठे फाजील आहे ते पाहतात. त्वचेवरच्या रेषेतून सुई आत घालून, टोकाला निळा रंग लावून, तीच रेषा आतल्या कॅप्सूलवर उमटवतात. मग येतो दुर्लक्षिला जाणारा टप्पा. कॅप्सूलचा आतला पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि दोन गुळगुळीत पृष्ठभाग नुसते जवळ आणून शिवले तर ते एकमेकांना चिकटत नाहीत. सगळा भार कायम धाग्यावर राहतो आणि धागा हळूहळू ऊती कापत बाहेर येतो. म्हणून जो भाग बंद करायचा, तिथली कॅप्सूलची चंद्रकोरी पट्टी कापून काढतात किंवा कॉटरीने, म्हणजे विजेवर तापणाऱ्या उपकरणाने, पृष्ठभाग खरवडून ओला करतात. अशा दोन जखमा समोरासमोर आल्या तरच त्या भरून एक होतात.

टाके २-० जाडीच्या न विरघळणाऱ्या धाग्याचे, पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे, किंवा महिनोन्महिने ताकद धरणाऱ्या काटेरी धाग्याचे. पुढची कॅप्सूल मागच्या कॅप्सूलला आणि छातीच्या भिंतीवरच्या घट्ट पडद्याला धरून, दोन ओळींत. खालच्या घडीसाठी टाका बरगडीवरच्या आवरणातून घेतात, दोन बरगड्यांच्या मधून खोल नाही, कारण तिथे फुप्फुसाचं आवरण जवळ असतं आणि ते टोचलं तर छातीत हवा शिरते. बाहेरच्या बाजूला चौथ्या बरगडीखालून येणारी त्वचेची नस टाक्यात अडकली तर स्तनाग्र बधिर होतं किंवा कायमची कळ लागते. अनुभवी सर्जन तिथे टाका उथळ ठेवतो.

मग तात्पुरता साइझर (मापासाठीचं नमुना-इम्प्लांट) आत ठेवून टेबल जवळजवळ बसल्या स्थितीत उभं करतात आणि दोन्ही बाजू ताडून पाहतात. दुरुस्ती मुद्दाम अर्धा ते एक सेंटिमीटर जास्त करतात, कारण पहिल्या काही महिन्यांत ती थोडी सैल पडते. पहिले सहा-आठ आठवडे स्तन वर चढलेला आणि खालून चपटा दिसतो. हे आधी सांगितलेलं नसलं की रुग्ण घाबरते.

या शस्त्रक्रियेच्या अपयशाचं सर्वांत मोठं कारण टाका सुटणं हे नसतं, समोरची बाजू न उघडणं हे असतं. बाहेरची बाजू बंद केली आणि इम्प्लांटला आत जायला जागाच ठेवली नाही, तर ते रात्रंदिवस त्याच शिवणीवर दाबत राहतं. तंग ब्लाउजची शिवण जशी काखेत उसवते तशी ती उसवते. म्हणून बाहेर टाके घालताना आतल्या किंवा वरच्या बाजूची कॅप्सूल हवी तेवढी कापून जागा करून देतात, त्याला कॅप्सुलोटॉमी म्हणतात. आतल्या बाजूला मात्र हात राखून: स्नायूची छातीच्या हाडावरची पकड सोडवायची नाही. दोन स्तनांमध्ये निदान दोनेक सेंटिमीटर अंतर राहायलाच हवं.

काही जण कॉटरीने कॅप्सूलवर ठिकठिकाणी चटके देऊन ती आकसवतात. ताडताड आवाज येतो म्हणून त्याला पॉपकॉर्न पद्धत म्हणतात. जाड कॅप्सूलवर, टाक्यांच्या जोडीला, उपयोगी आहे. पातळ त्वचेखाली करू नये. आतून भाजलेली त्वचा नंतर काळवंडते किंवा उघडते.

नुसत्या टाक्यांवर कधी भागतं? कॅप्सूल जाड आहे, सरकणं दोन-तीन सेंटिमीटरच्या आत आहे, इम्प्लांटचा व्यास स्तनाच्या पायात बसतो आणि ही पहिलीच दुरुस्ती आहे. या चारपैकी दोन गोष्टी नसतील तर मी टाक्यांच्या जोडीला आणखी काहीतरी मागेन.

नवा कप्पा

जुन्या कप्प्याची दुरुस्ती करण्याऐवजी तो बाद करून शेजारी नवा करायचा, ही कल्पना अमेरिकेत पॅट्रिक मॅक्सवेल, स्कॉट स्पिअर यांच्यासारख्या सर्जननी २००९ च्या सुमारास मांडली आणि आता ती अवघड दुरुस्त्यांत रुळली आहे. स्नायूची मागची बाजू आणि कॅप्सूलची पुढची भिंत यांच्यामध्ये नवा थर सोडवतात. जुनी कॅप्सूल पूर्ण न काढता छातीच्या भिंतीवर दाबून बसवतात आणि शिवून टाकतात. नवा कप्पा नेमका इम्प्लांटच्या मापाचा, एक बोटही जास्त नाही. जुन्या कॅप्सूलची भिंतच आता आत आणि बाहेर अडसर म्हणून काम करते.

फायदा असा की भार शिवणीवर येत नाही, कप्प्याच्या अखंड कडांवर येतो. यासाठी कॅप्सूल वेगळी सोडवता येईल इतकी जाड हवी आणि स्नायू शाबूत हवा. कॅप्सूल कागदासारखी असेल तर सोडवतानाच फाटते. वेळ जास्त लागतो, रक्तस्राव थोडा जास्त, आणि बहुतेक वेळा ड्रेन, म्हणजे आत साचणारं रक्त-पाणी बाहेर आणणारी नळी, ठेवावा लागतो. २४ तासांत येणारं पाणी ३० मिलिच्या खाली आलं की तो काढतात.

दोन्ही इम्प्लांट्स मध्ये येऊन छातीच्या हाडावर त्वचा तंबूसारखी उचलली जाते त्या दोषाला सिम्मास्टिया म्हणतात, आणि तिथे हा उपाय सर्वांत खात्रीचा. सिम्मास्टिया बहुधा सर्जनच्या हातूनच घडतो: दरी कमी दिसावी म्हणून स्नायूची मधली पकड सोडवली किंवा फार रुंद इम्प्लांट घातलं. मधली त्वचा हाडाला परत चिकटणं हे इथलं खरं काम. त्यासाठी शस्त्रक्रियेनंतर दोन स्तनांच्या मधोमध दाब देणारी फोमची गादी किंवा खास ब्रा सहा आठवडे दिवसरात्र लागते. दोनदा दुरुस्ती फसलेल्या सिम्मास्टियात इम्प्लांट्स काढून, तीन ते सहा महिने थांबून, ऊती जुळून आल्यावर लहान इम्प्लांट्स घालणं हेच शहाणपणाचं. हे ऐकायला कोणालाच आवडत नाही.

थर बदलणं हा याच कुटुंबातला आणखी एक मार्ग. स्नायू आवळला की इम्प्लांट उड्या मारतं, आकार वेडावाकडा होतो, असा त्रास असेल तर इम्प्लांट स्नायूवर आणून स्नायू परत छातीला शिवतात. वर चिमटीत २ सेंमी जाडी नसेल तर कडा आणि लाटा दिसतात, म्हणून वर चरबी भरावी लागते. उलट, ग्रंथीखाली ठेवलेलं इम्प्लांट खाली उतरलं असेल तर ते स्नायूखाली नेता येतं. जुना कप्पा मात्र नीट बंद करावा लागतो, नाहीतर इम्प्लांट परत त्यातच घसरतं.

जाळी आणि त्वचेचं जैविक पटल

ऊतीच पातळ असेल तर बाहेरून आधार आणावा लागतो. दोन प्रकार आहेत. एक, मानवी किंवा डुकराच्या त्वचेतल्या पेशी काढून उरलेलं पटल. दुसरा, हळूहळू विरघळणारी कृत्रिम जाळी. पी४एचबी या पदार्थाची जाळी साधारण दीड ते दोन वर्षांत विरघळते आणि तोवर तिच्यावर शरीराची स्वतःची ऊती चढते. नेहमीची व्हिक्रिल जाळी दोनेक महिन्यांत संपते, या कामाला ती अपुरी. हर्नियासाठीची साधी, जाड पॉलिप्रॉपिलीन जाळी पातळ त्वचेखाली घालू नये: हाताला लागते, आकसते, आणि पुढे काढायची वेळ आली तर सोबत ऊतीही निघते.

जाळी आधी टाक्यांनी दुरुस्त केलेल्या घडीवर खालच्या कडेने पक्की करतात आणि वरची कड कॅप्सूलच्या किंवा स्नायूच्या आतल्या बाजूला शिवतात, म्हणजे इम्प्लांटचा खालचा आणि बाहेरचा भाग झोळीत बसल्यासारखा राहतो. ती सुरकुतीविना, त्वचेला लागून बसली पाहिजे. घडी पडली की तिथे पाणी साचतं आणि साचलेलं पाणी जंतुसंसर्गाला आमंत्रण. म्हणून जाळी असली की ड्रेन हवाच.

तोटे: खर्च, पाणी साचणं, संसर्ग झाला तर बहुधा इम्प्लांटसकट सगळं काढावं लागणं. एफडीएने मार्च २०२१ मध्ये स्पष्ट केलं की इम्प्लांटने स्तन पुन्हा घडवताना वापरण्यासाठी म्हणून यातलं कोणतंही जैविक पटल त्यांनी मंजूर केलेलं नाही आणि काही उत्पादनांत गुंतागुंत जास्त दिसते. याचा अर्थ वापरूच नये असा नाही. पण ‘सगळ्यांनाच घालतो’ असं कोणी म्हणत असेल तर कारण विचारा. जाड कॅप्सूल असलेल्या बाईला पहिल्याच दुरुस्तीत जाळी हा बहुतेक वेळा फुकटचा खर्च असतो.

इम्प्लांट लहान करणं

या प्रकरणातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत नावडता उपाय. सिलिकॉन जेलचं वजन सीसीला जवळपास एक ग्रॅम धरा. ३७५ वरून २७५ वर आलं की प्रत्येक बाजूचं शंभर ग्रॅम ओझं रोज, दिवसभर कमी होतं. टाक्याला यासारखी दुसरी मदत नाही. पण ताणलेल्या त्वचेत लहान इम्प्लांट घातलं तर वर रिकामं आणि खाली लोंबतं दिसू शकतं. तेव्हा सोबत त्वचा काढून स्तन वर उचलावा लागतो, म्हणजे मास्टोपेक्सी. घडी शाबूत आणि स्तनाग्र योग्य उंचीवर असेल तर घडीतच आडवी चंद्रकोरी त्वचा काढून भागतं, उभा व्रण टळतो.

सरकू नये म्हणून खरखरीत पृष्ठभागाचं इम्प्लांट घालायची पद्धत एकेकाळी होती. अशा इम्प्लांट्सशी संबंधित लिम्फोमा, म्हणजे बीआयए-एएलसीएल हा लसीका पेशींचा कर्करोग, समोर आल्यावर अॅलर्गनने जुलै २०१९ मध्ये आपली बायोसेल पृष्ठभागाची इम्प्लांट्स जगभरातून परत मागवली. हा आजार विरळाच आहे, पण नुसती जागा धरून ठेवण्यासाठी ही जोखीम आता घेऊ नये. थेंबाच्या आकाराचं इम्प्लांट फिरून आकार बिघडला असेल, तर त्याला टाके घालत बसण्यापेक्षा गोल, गुळगुळीत इम्प्लांट घालणं सरळ. गोल इम्प्लांट फिरलं तरी कळत नाही.

वर चढलेलं इम्प्लांट

हे प्रकरण उलटं आहे. पहिल्या तीन महिन्यांत इम्प्लांट वर असणं म्हणजे सूज आणि स्नायूचा ताठरपणा. वरून पट्टा आणि धीर, एवढंच. सहा महिन्यांनंतरही वर, कडक आणि दुखरं असेल तर कॅप्सूल आकसली आहे. कॅप्सूल किती आकसली ते एक ते चार दर्जांत सांगणाऱ्या बेकरच्या मोजपट्टीत तिसरा किंवा चौथा दर्जा असेल तर कॅप्सूल काढून, नवं इम्प्लांट नव्या कप्प्यात बसवतात. जुनंच परत घालणं चूक, त्यावर जंतूंचा पातळ थर असू शकतो. इम्प्लांट जागेवर आहे पण त्यावरून स्तनाची ऊती धबधब्यासारखी खाली ओघळली आहे, असं असेल तर इम्प्लांटला हात लावून उपयोग नाही, स्तन उचलावा लागतो.

कर्करोगानंतर इम्प्लांटने स्तन घडवलेला असेल, त्यातही रेडिएशन झालं असेल, तर वरचे सगळे उपाय कमी भरवशाचे होतात. तिथे पाठीच्या किंवा पोटाच्या स्वतःच्या ऊतीने पुनर्रचना हा पर्याय लवकर विचारात घ्यावा.

काढून टाकणं

हा पराभव नाही. दोन-तीन दुरुस्त्या झालेल्या, पातळ त्वचेच्या आणि आता मोठा आकार नकोसा झालेल्या बाईसाठी तो सर्वांत टिकाऊ उपाय आहे, कारण यानंतर सरकायला काही उरतच नाही. आजार नसेल तर पातळ, मऊ कॅप्सूल अख्खी काढायचा हट्ट नको. बरगड्यांवरून ती खरवडताना इजा होते. स्तन उचलणं त्याच वेळी करता येतं, किंवा तीन ते सहा महिने थांबून त्वचा किती आकसते ते पाहून. पोट-मांड्यांची चरबी भरता येते. भरलेल्यातली साधारण निम्मी टिकते असं धरून चाला, आणि एका बैठकीत तुमच्या इम्प्लांटएवढा आकार परत येणार नाही.

तुमच्या बाबतीत

वर्णनावरून उजवीकडे खाली आणि दोन्हीकडे बाहेर असं दुहेरी सरकणं दिसतं. इम्प्लांट मोठं, दोन बाळंतपणांनी ताणलेली त्वचा. व्रण वर चढला असेल तर उजवी घडी नव्याने बांधणं, दोन्ही बाजूंना बाहेरून टाके आणि त्यासमोर बेताची कॅप्सुलोटॉमी, आणि २७५ ते ३०० सीसीची, तुमच्या स्तनाच्या पायाच्या रुंदीत बसणारी नवी इम्प्लांट्स, असा बेत मला सर्वांत पटतो. खालची जाडी अर्ध्या सेंमीच्या आसपास निघाली तर जाळी घ्यावी. फक्त उजवी बाजू करणं चुकीचं. डावीही त्याच वाटेवर आहे आणि दोन्हींचा आकार जुळणार नाही. ३७५ च परत हवं असेल, तर आणखी एक शस्त्रक्रिया होईल हे गृहीत धरूनच घ्या.

तिन्ही सर्जनना एकच विचारा: सरकण्याचं कारण तुमच्या मते काय, आणि तुमच्या उपायात त्या कारणाचं काय होतं? सर्जनची पदवी एमसीएच किंवा डीआरएनबी प्लास्टिक सर्जरी असावी आणि अशा दुरुस्त्यांचे, निदान वर्षभरानंतरचे फोटो त्यांनी दाखवावेत. टेबलावरचे फोटो काहीच सांगत नाहीत.

आधी आणि नंतर

मागच्या शस्त्रक्रियेला किंवा स्तनपान थांबवून सहा महिने झालेले हवेत, वजन स्थिर हवं, आणखी मूल हवं असेल तर शस्त्रक्रिया त्यानंतर. तंबाखू चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर पूर्ण बंद, आणि यात मिश्रीही आली. ‘मी सिगारेट ओढत नाही’ एवढं सांगून अनेकजणी मिश्रीचं सांगतच नाहीत. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि पातळ त्वचेची कड मरते. अॅस्पिरिन वगैरे गोळ्या स्वतःहून थांबवू नका, ज्यांनी दिल्या त्यांना विचारा. विम्याची आशा ठेवू नका; सौंदर्यशस्त्रक्रिया आरोग्यविम्याच्या नेहमीच्या अपवादांत येते, कर्करोग, अपघात किंवा भाजल्यानंतरच्या पुनर्रचनेला मात्र हा अपवाद लागू नसतो.

शस्त्रक्रियेला साधारण दोन ते तीन तास लागतात. नंतर आधाराची ब्रा सहा ते आठ आठवडे, रात्रीसुद्धा. घडी दुरुस्त केली असेल तर घडीच्या रेषेत चिकटपट्टीचा आधारही देतात. सहा आठवडे उताणंच झोपायचं, बाहेरच्या बाजूला उशा लावून. कोपर खांद्याच्या वर नेणं आणि दोन-तीन किलोंपेक्षा जास्त उचलणं सहा आठवडे बंद, म्हणजे भरलेली बादली, कडेवरचं मूल, कुकर वरच्या फळीवर ठेवणं हे सगळं आलं. छातीचे व्यायाम तीन महिने नाहीत. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर शिकवलेलं मालिश इथे अजिबात करायचं नाही. ते कप्पा मोठा ठेवण्यासाठी असतं आणि आत्ता तोच लहान केलेला आहे.

टाक्यांच्या जागी खळगा पडणं, ओढल्यासारखं दुखणं, हाताला गाठ लागणं हे पहिल्या तीन महिन्यांत चालतं, बहुतेकांचं विरतं. पहिल्या दोन दिवसांत एक बाजू अचानक टणक होऊन फुगली तर आत रक्त साचलं आहे, तासाभरात रुग्णालयात पोहोचा. लालसरपणा, ताप, व्रणातून पाणी, याला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू नका. आणि शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने किंवा त्याहून उशिरा एका बाजूला कारणाशिवाय सूज आली तर इम्प्लांट पुन्हा सरकलं असं समजून टाके घालायला जाऊ नका. आधी सोनोग्राफी करून ते पाणी सुईने काढून पेशींच्या तपासणीला आणि वर सांगितलेला लिम्फोमा शोधणाऱ्या सीडी३० चाचणीला पाठवायला सांगा.